येळवशीला मी बांधावर का गेले

ती. आई-बाबा,
सा. न.

येळवशीच्या अमावास्येला शेतातल्या कोपीत पांडव पुजून झाले, पंगत बसली, आणि मी भज्जीचे चार घास अन् अर्धी वाटी आंबील घेऊन उठले. आत्या म्हणाली, "एवढंच खायलीस?" मग मी बांधावर जाऊन रडले. आई, तुला वाटलं आत्याचं बोलणं लागलं. तसं नव्हतं. पोट गच्च भरलं होतं, तरी काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे मलाच कळेना.

वजन कमी करायच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं. जठराचा पाऊणएक भाग काढला. भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः तिथंच तयार होतं, म्हणून भूकही ओसरली. ११८ किलोंवरून ७८ वर आले, शुगरची गोळी सुटली. पहिलं वर्ष मी हवेतच होते (केस गळायचे ते महिने सोडून). पण लहानपणापासून मार्क कमी पडले, कुणी चिडवलं, की मी शेवचिवड्याच्या डब्याकडे जायचे. आता चिडणं तेवढंच आहे, डबा मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांचं मन हलकं होतं, नंतर काहींना उदासी पुन्हा गाठते. काही जण दारूकडे वळतात, आणि अशा ऑपरेशननंतर ती लवकर चढते. मी साड्यांकडे वळले. बाबा, आलात तर माझं कपाट उघडू नका.

एसटीत मी अजून अंग चोरून बसते. शेजारी जागा उरलेली असते, तरी. आरशात जुनीच बाई दिसते, आणि पोटावरची लोंबती कातडी पदराखाली झाकत राहते.

म्हणून दर पंधरा दिवसांनी समुपदेशक बाईंकडे जाते. "तुला काय वेड लागलंय का?" असं तुम्ही फोनवर म्हणालात, बाबा. बी-१२ ची गोळी जन्मभर घ्यायची, हे तुम्ही एका शब्दात मान्य केलंत. हेही त्यातच धरा. एकदा सोबत चला, बाईंनी बोलावलंय.

आणि आई, बैठकीतला माझा बी.एड.चा फोटो तू ट्रंकेत ठेवलास. पाहुण्यांपुढे मला अवघडल्यासारखं होईल म्हणून, माहीत आहे. पण त्या जाड पोरीनं रोज औसा-लातूर एसटीनं जाऊन-येऊन ती पदवी घेतली होती. तो परत लाव. बाबा, तिथला खिळा सैल आहे, आधी ठोकून घ्या.

तुमची,
ताई