स्टूल घेऊन ये

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. गुडघे साथ देत नाहीत, दहा मिनिटं उभं राहिलं की कळ येते, त्यामुळे दुर्बीण कपाटात ठेवून दिली, असं तू लिहिलंयस. ते वाचून फार वाईट वाटलं. पंधरा वर्षं आपण एका वाटेवरून पाखरं बघत हिंडलो आणि हे तू चार ओळींत आटोपतोस? म्हणून जरा सविस्तर लिहितो. नीट वाच.

गेल्या वर्षी माझी कंबर धरली होती, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून मी फिरायला जाताना घडीचं स्टूल खांद्याला अडकवून नेतो, हे मात्र तुला सांगायचं राहिलं. पहिले काही दिवस मी ते नाइलाज म्हणून नेलं. आता कंबर बरी आहे, तरी स्टूल सुटलेलं नाही. पूर्वी सगळी फेरी पुरी करायचो, आता निम्मीसुद्धा होत नाही. पण नोंदवही काढून बघ, एकेका पक्ष्यापुढे आता नावाऐवजी अर्धं पान असतं.

परवाचीच सकाळ सांगतो. तळ्याकडे वळताना ते वाकडं करंजाचं झाड लागतं ना, त्याच्या बुंध्याशी बसलो. पहिली दहा मिनिटं काही नाही. हा वेळ तसा कोराच जातो, आपण आलो म्हणून सगळे गप्प झालेले असतात. मग सातभाई आले. पाचोळा उलथत, एकमेकांवर कलकलत माझ्या बुटांपासून चार हातांवर. त्यांतला एक वरच्या फांदीवर जाऊन बसला आणि तिथून हललाच नाही. खाली बाकीचे चरत होते, हा पहाऱ्याला. सातभाई असा पहारा ठेवतात हे आपण वाचलं होतं, पण उभ्यानं चालताना कधी दिसलंय तुला? मला तरी नाही. एकाएकी त्याचा सूर बदलला, सगळी टोळी झुडपात शिरली आणि दोन श्वासांनी शिकारी पक्षी शिक्रा तळ्यावरून सरळ निघून गेला. त्यानंतरची शांतता मी घड्याळात मोजली, सहा मिनिटं. सगळ्यांत आधी नाचण बाहेर आला, शेपटीचा पंखा उघडत.

चालत असतो तर मी 'सातभाई, ८' एवढं लिहून पुढे गेलो असतो.

आणखी एक. उभ्यानं दुर्बीण धरली की हात थरथरतो आणि आठपट दाखवणारी दुर्बीण ती थरथरही आठपट करून दाखवते. बसल्यावर कोपरं गुडघ्यांवर टेकतात आणि चित्र स्थिर होतं. तांबट ओरडताना चोच मिटलेली ठेवतो आणि प्रत्येक 'टुक'बरोबर त्याच्या गळ्याची कातडी फुगते, हे मी असं बसूनच पहिल्यांदा स्वच्छ पाहिलं. इतकी वर्षं नुसता आवाज ऐकत होतो.

आता बैठकीविषयी, कारण इथे घाई केलीस तर पस्तावशील. माझं पहिलं स्टूल चार पायांचं, कापडी बैठकीचं होतं. दुसऱ्याच महिन्यात शिवण उसवली आणि मी बांधावर पाठीवर आपटलो. तेव्हापासून घेण्याआधी शिवण ओढून बघतो, किती वजन पेलेल असं त्यावर लिहिलंय ते वाचतो आणि घरात वीस मिनिटं बसून पाहतो. तीन पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगत नाही, वजनाला हलकं, म्हणून मला ते आवडतं. पण तुला मी ते सुचवणार नाही. बरीचशी तिपायी स्टुलं बुटकी असतात, आणि तुला त्रास बसताना नाही, उठताना होणार. तुझ्यासाठी बैठक गुडघ्याच्या उंचीची किंवा बोटभर वरच हवी, म्हणजे साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर. शक्यतो हाताला टेकू देणारी खुर्ची घे. ती जड असते, पण ती मी उचलीन. काठी उघडून जिची बैठक होते ती दिसायला सुटसुटीत, पण तिच्यावर तोल पायांनीच सांभाळावा लागतो. तुझ्या गुडघ्यांना ती नको.

बारीकसारीक गोष्टी अनुभवानं कळल्या. ओल्या मातीत पाय रुततात, म्हणून मी फळीचे तीन तुकडे पिशवीत ठेवतो. धातूची कडी चालताना वाजते, तिला चिंधी गुंडाळ. बैठक मातकट रंगाची बरी. ऊन पाठीशी आणि झाडाचा बुंधाही पाठीशी असेल अशी जागा बघायची, म्हणजे आपली आकृती आभाळावर उठून दिसत नाही. आणि दुर्बीण मांडीवरून डोळ्यांकडे सावकाश न्यायची. पाखरं रंगापेक्षा हालचालीला जास्त बिचकतात, असा माझा अनुभव आहे.

बसून पाहणं म्हणजे पक्षीनिरीक्षण संपलं असं तुझ्या मनात असेल तर ते काढून टाक. अमेरिकेत न्यू हेवन बर्ड क्लबनं सुरू केलेला 'बिग सिट' नावाचा उपक्रमच आहे. १७ फूट व्यासाचं वर्तुळ आखायचं, त्यात खुर्च्या टाकायच्या आणि आतून जे दिसेल, ऐकू येईल तेवढंच मोजायचं. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या 'ईबर्ड' या संकेतस्थळावरही एका जागी थांबून केलेल्या नोंदींचा वेगळा प्रकार आहे. ३० मीटरच्या आत राहिलास की तुझी यादी त्यात बसते. दर आठवड्याला त्याच झाडाखालून, तितकाच वेळ केलेली यादी असेल तर कोण कधी आलं आणि कोण कमी झालं हे तिच्यातून कळतं. आपल्या भटकंतीच्या याद्यांतून ते कधीच नीट कळलं नाही, कारण आपण कुठे किती रेंगाळलो हे आपण लिहिलंच नव्हतं. ही यादी आपण दोघांनी मिळून करावी, असं मला मनापासून वाटतं. तुझे कान माझ्यापेक्षा तयार आहेत. शिंपी आणि वटवट्या आवाजावरून ओळखताना मी अजून चाचरतो.

काल मी मुद्दाम पावलं मोजली. गाडी थांबते तिथून करंजापर्यंत दोनशे चाळीस. मध्ये पुलाचा कठडा आहे, तिथे टेकता येईल. खंड्याची वाळकी फांदी कठड्यावरून दिसते, तेव्हा ती विश्रांतीही वाया जाणार नाही.

येत्या रविवारी उजाडायच्या आधी मी तुझ्या दारात येतो. दोन्ही बैठका माझ्या खांद्यावर असतील. तू फक्त दुर्बीण कपाटातून काढून भिंगं पुसून ठेव.

तुझाच,
वाटेवरचा सोबती