माई, तुमच्या चार वह्यांसाठी

माई,
सप्रेम नमस्कार.

हे आभाराचे शब्द मी घरी येऊन सांगायला लागलो असतो तर तुम्ही लगेच चहाचं आधण ठेवायला उठला असतात आणि विषय तिथंच संपला असता. म्हणून चार लोकांसमोर लिहितो आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. वाड्यावरचे ओळखतीलच.

2007, 2012, 2017 आणि 2022. गोवा विधानसभेच्या चार निवडणुका मी अपक्ष म्हणून लढवल्या आणि चारही हरलो. अनामतही चारही वेळा गेली. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत की ती जप्त होते. पहिल्या खेपेला ती 5,000 रुपये होती, पुढच्या तिन्ही वेळा 10,000. हे 35,000 रुपये आमच्या गावात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे.

मी उभा का राहिलो हे तुम्ही मला कधी विचारलं नाही, कारण ते तुम्हाला माहीत होतं. आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर. आमच्यासारख्या भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्यांना मुंडकार म्हणतात; त्यांना संरक्षण देणारा कायदा 1975 सालचा. राहतं घर आणि त्याच्या भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. बाबांनी अर्ज केला होता. तारखा पडत गेल्या, कागद मागवले गेले, पुन्हा तारखा पडल्या. बाबा गेले तेव्हाही आमचा निकाल लागायचा होता. आमच्यासारखी घरं गोव्यात गावोगाव आहेत. त्यांच्या वतीने पोटतिडकीने बोलणारं कुणीतरी विधानसभेत असावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आजही तेच आहे.

2007 च्या निकालानंतर मला वाटलं, झालं, संपलं. उमेदवाराने निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण हरलेल्या माणसाचा हिशेब कोण बघणार, असं समजून गप्प बसलो. मग नोटीस आली. हिशेब दिला नाही आणि कारणही पटलं नाही, तर आदेश निघाल्यापासून तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही. आदेश उशिरा निघाला असता तर 2012 सालही हातचं गेलं असतं. पावत्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा घेऊन मी तुमच्या सोप्यावर आलो होतो. पतसंस्थेत तीस वर्षं हिशेब लिहून तुम्ही नुकत्याच निवृत्त झाला होतात. तुम्ही तो डबा चटईवर उपडा केलात आणि दोन रात्री बसून एकेक चिटोरं तारखेनुसार लावलंत. छापखान्याने पाचशे पत्रकं मला फुकट दिली होती. पैसे दिलेच नाहीत तर लिहायचं कशाला, असं मी म्हटलं. तुम्ही बाजारभावाने त्यांची किंमत काढून खर्चात धरायला लावलीत. "फुकट मिळालं तरी वापरलंस ना?" हे तुमचं वाक्य मी अजून विसरलेलो नाही. उशीर का झाला त्याचा खुलासाही तुम्हीच लिहून दिलात, आणि तो मान्य झाला.

त्याच पत्रकांवर मुद्रकाचं नाव होतं, पण प्रकाशकाचं नाव नव्हतं. तेही छापावं लागतं, नाहीतर गुन्हा होतो. माझ्या नजरेला ते कधीच आलं नसतं. पुढच्या तिन्ही निवडणुकांत मजकूर आधी तुमच्याकडे आला, मगच मी फोंड्याला छापायला नेला.

2012 ची ती रात्र मात्र जरा सविस्तर लिहितो.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारा, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत, आणि यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक बरोबर जुळायला हवा; नाहीतर छाननीत अर्ज उडतो. माझे दहा जण ठरले होते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी माघार घेतली. एकाचा मुलगा सरकारी खात्यात कंत्राटावर होता, त्याची भीती मला कळत होती. दुसऱ्याने दारच उघडलं नाही. नववा माणूस कसाबसा मिळाला. रात्री दहाला मी तुमच्याकडे आलो ते फक्त यादीतले क्रमांक तपासून घ्यायला. सही मागायला आलो नव्हतो, देवाशपथ. तुम्ही क्रमांक तपासलेत, मोकळी राहिलेली ओळ पाहिलीत, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "हांव सय करतां."

त्या सहीवरून तुम्हाला घरात काय ऐकून घ्यावं लागलं, ते मला पुष्कळ नंतर कळलं. तुम्ही एका अक्षराने बोलला नाहीत. माई, त्याबद्दल मी आजवर तुमचे आभार मानले नव्हते. आज मानतो.

2017 च्या पराभवानंतर मला लोक 'धरतीपकड' म्हणू लागले. बरेलीचे काका जोगिंदर सिंग 'धरतीपकड' राष्ट्रपतिपदापर्यंत तीनशेच्या वर निवडणुका लढले. तामिळनाडूतल्या मेट्टूरचे पद्मराजन 1988 पासून लढताहेत, तेही दोनशेच्या वर. त्या दोघांविषयी माझ्या मनात अनादर नाही. पण ते नाव मला बोचलं आणि आता पुरे झालं, असं मी ठरवलं. तेव्हा तुम्ही मला समजावत बसला नाहीत. निकालाचा मतदान केंद्रवार तक्ता मिळतो, तो मागवून आणायला सांगितलात आणि माझी मतं केंद्रवार एका पानावर उतरवून काढलीत. एकूण 388. आमच्या वाड्याच्या केंद्रावर 61, बऱ्याच ठिकाणी दोन, तीन, शून्य. आणि मतदारसंघाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका केंद्रावर 43. त्या गावात माझं ना नातं, ना ओळख. तुम्ही त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढलात. "हे कोण, ते बघून ये."

मी गेलो. कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, कडेला मुंडकारांची चौदा घरं होती. माझं पत्रक कुणीतरी तिथल्या देवळाच्या पायरीवर ठेवलं होतं, ते हातोहात फिरलं होतं. पाच कुटुंबांनी तोवर अर्जसुद्धा केला नव्हता. कायदा आहे हे त्यांनी ऐकलं होतं, पण कागद कसले लागतात ते माहीत नव्हतं. पुढची दोन वर्षं तुमच्याच सोप्यावर आपण त्यांचे अर्ज लिहिले. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, जनगणनेच्या वेळचा घर क्रमांक, वीजबिलं, सगळं तुम्ही लावून दिलंत. त्यातल्या तीन घरांना खरेदीचा दाखला मिळाला. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्या आजी चवथीला तुमच्याकडे नेवऱ्या घेऊन आल्या होत्या आणि मला म्हणाल्या होत्या, "तू उभा राहिला नसतास तर आमच्या दारी कोण येतं?" मी 2022 साली पुन्हा उभा राहिलो तो त्यांच्यामुळे आणि तुमच्या त्या पेन्सिलीच्या गोलामुळे.

त्या वर्षी खर्चाची मर्यादा 28 लाख होती. आपला सगळा खर्च 46,210 रुपये झाला. तपासणीला वही नेली तेव्हा अधिकाऱ्याने ती दोनदा चाळली आणि ही कुणी लिहिली, असं विचारलं. तुमचं मोत्यासारखं अक्षर, चहाच्या आणि पेट्रोलच्या पैशापैशाची नोंद. त्या दिवशी मला माझ्या उमेदवारीचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.

या सगळ्या वर्षांत मत कुणाला दिलं ते तुम्ही मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. 2017 ला गोव्यात चाळीसही मतदारसंघांत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र, आलं, तेव्हा चिठ्ठी सात सेकंद स्वच्छ दिसली, एवढंच तुम्ही केंद्राबाहेर आल्यावर सांगितलंत. मला ते फार आवडलं होतं.

आता 2027 च्या निवडणुकीची पाळी आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तुम्हाला बारीक लिहायला मनाई केली आहे, म्हणून या खेपेची वही मी स्वतः आखली आहे. तुमच्याच जुन्या वहीवरून रकाने उतरवून घेतले आहेत: तारीख, तपशील, पावती क्रमांक, रक्कम, शेरा. एक शंका तेवढी राहिली आहे. खर्च अर्ज भरल्याच्या दिवसापासून मोजतात, आणि वही तर मी आधीच विकत घेतली, साठ रुपयांना. ती धरायची की नाही? रविवारी संध्याकाळी वही घेऊन येतो, तेव्हा सांगा.

तुमचा,
वरच्या वाड्यावरचा उमेदवार