मिस्त्रीकाका, जीप आता रडत नाही

तीर्थरूप मिस्त्रीकाका,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा टोमॅटोचे १८ क्रेट घालून नारायणगावच्या मार्केटला जाऊन आले. पंचेचाळीसच्या वेगाला मी सवयीने कान मागे दिला. काही नाही. इंजिनाचा आवाज, क्रेटांची खडखड, बस्स. परतताना डोळे भरून आले, आणि तेव्हाच ठरवलं की हे पत्र लिहायचं. तुम्ही जीपच्या दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, आईने दिलेला डबा तेवढा नेलात. तोंडावर आभार मानले तर "असू दे, असू दे" म्हणून उठून जाता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

जीप दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९८६ ची महिंद्रा. ते गेल्यावर ती विकावी असं घरात बऱ्याच जणांचं मत होतं. त्यात दोन वर्षांपासून मागचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारी गिअरांची पेटी, आवाज करू लागलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की रडणं सुरू, पाय काढला की सूर बदलायचा, आणि जागेवरून निघताना खट्कन झटका. त्याआधीपासून पिनियनच्या, म्हणजे त्यातल्या छोट्या गिअरच्या, सीलमधून तेल गळत होतं. एका गॅरेजमध्ये ते सील दोनदा बदललं, दोन्ही वेळा महिन्याभरात परत गळायला लागलं.

तुम्ही आलात तेव्हा गाडीखाली शिरलात, पण सीलकडे बघितलंसुद्धा नाहीत. हाऊसिंगवरच्या ब्रीदरवर, म्हणजे आतली हवा बाहेर जायच्या छोट्या तोटीवर, बोट फिरवलंत. तो चिखलाने दगडासारखा बुजला होता. "पोरी, हिला श्वासच घेता येत नाही." गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, हवा फुगते. तिला वर वाट नसेल तर ती सीलमधूनच तेल बाहेर ढकलणार. सील दहादा बदला, गळणारच. तेल कमी झालं, मग बेअरिंग गेलं, मग दात. इतक्या सोप्या शब्दांत मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. नवा माल टाकून ब्रीदर तसाच राहिला असता, तर दोन वर्षांत पुन्हा हेच झालं असतं.

मागच्या झाकणाचे १० बोल्ट काढून तेल टबात ओतलं. तुम्ही त्यात चुंबक फिरवलंत आणि ते लोखंडाच्या चुऱ्याने काळ्या दाढीसारखं होऊन वर आलं. त्या दिवशी जीपवर फार दया आली.

क्राउन-पिनियन, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या मोठ्या-छोट्या गिअरांची जोडी, आणायला मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेले. पहिली जोडी आणली ती तुम्ही हातात घेतलीत, दात मोजलेत आणि खाली ठेवलीत. आपल्या क्राउनला ४३ दात, पिनियनला ८. त्या जोडीला ३९ आणि ८. पुढच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ५.३८ आणि मागचं ४.८८ झालं असतं, तर फोर व्हील टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडली असती. या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये तो फरक सोसणारं काही नसतं. चिखलात चाक घसरून निभावतं, डांबरी रस्त्यावर मात्र सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे जोर पाठवणाऱ्या गिअरपेटीवर. मी परत गेले. या वेळी दात मोजले, आणि क्राउन व पिनियनवरचा जोडनंबर एकच आहे हेही पाहिलं.

पाच दिवस आपण अंगणात होतो. चाकांचे हब निघता निघत नव्हते. पुलर (हब खेचून काढायचं अवजार) लावण्याआधी तुम्ही मला नट पूर्ण काढू दिला नाहीत, दोन आटे ढिला करून तसाच ठेवायला लावलात. हब सुटला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला, आणि त्या नटामुळेच तो अंगावर आला नाही. बेअरिंगच्या टोप्यांवर पंचने खुणा करून घेतल्यात, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. नवीन बेअरिंग जुन्या कढईत तेलात तापवून हातोडा न मारता बसवलं. आईने ती कढई परत स्वयंपाकघरात घेतली नाही, एवढं सांगून ठेवते.

पण मला खरं आठवतं ते शेंदराचं. हार्डवेअरच्या दुकानातला शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या दातांना लावला, पिनियन फिरवली आणि दातांवर ठसा पाहिला. ठसा दाताच्या वरच्या कडेला होता. पिनियन क्राउनपासून लांब राहिली होती. सगळं उघडून, आतल्या बेअरिंगची रेस (बाहेरची कडी) काढून, तिच्यामागे शिम, म्हणजे धातूची पातळ चकती, वाढवली. पुन्हा ठसा. आता तो खाली, मुळाशी उतरला. संध्याकाळचे सात वाजले होते, माझे हात थरथरत होते आणि मनात आलं की चालेल एवढं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मुकाट्याने पाना उचललात आणि माझ्या हातात दिलात.

एसटीच्या डेपोत ३२ वर्षं फिटर होतात तुम्ही. तुम्ही स्वतः केलं असतंत तर दीड दिवसात झालं असतं. माझ्या हातातून पाना कधीच घेतला नाहीत. तिसऱ्यांदा मी शिम निम्मी केली, आणि ठसा दाताच्या मधोमध आला. डायल गेजवर क्राउनची ढील, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.१५ मिलिमीटर. तुम्ही फक्त "हं" म्हणालात. दादा गेल्यापासून कोणी माझ्या कामाकडे बघून असं "हं" म्हटलं नव्हतं, काका. मग शेंदूर विषारी असतो म्हणून जेवायच्या आधी दोनदा साबणाने हात धुवायला लावलेत.

जुनी जीप जपणाऱ्या कोणी हे वाचलं तर आधी ब्रीदर साफ करा, एवढं माझ्या काकांच्या वतीने सांगते.

८०० किलोमीटर झाले की पहिलं तेल बदल, असं सांगून गेला होतात. काल ७४० झाले. येत्या रविवारी या. तेल मी काढते, चुंबक तुम्ही फिरवा. आई मासवडी करणार आहे.

तुमची,
खालच्या आळीतली पोरगी