तारखांचं काम

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "सिव्हिल इंजिनिअर होऊन दिवसभर कॉम्प्युटरवर काय करतेस?" मीटिंगची वेळ झाली होती, म्हणून नीट सांगता आलं नाही.

इमारतीतलं कुठलं काम कशानंतर येतं, किती दिवस चालेल, माणसं आणि माल किती लागेल, हे सगळं मी प्रायमाव्हेरा नावाच्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडते. त्यातली काही कामं एकमेकांत अशी अडकलेली असतात की एक चार दिवस रेंगाळलं तर घरांचा ताबाही चार दिवस पुढे जातो. याला क्रिटिकल पाथ म्हणतात. माझं निम्मं लक्ष तिथेच असतं. तळघराचं वॉटरप्रूफिंग आणि बाजूचा भराव पावसाच्या आत झालाच पाहिजे, जशी तुमची नांगरट मृगाच्या आत. लिफ्टची ऑर्डर तर कित्येक महिने आधी द्यावी लागते.

दिवाळी-छठला बिहारकडचे सुतार, फिटर गावी जातात. त्या दिवसांत माणसं कमीच धरायची. ती घरी जाणारच नाहीत असं धरून केलेलं वेळापत्रक मला खोटं वाटतं.

गेल्या महिन्यात काम मागे पडलं होतं. मीटिंगमध्ये एकाने सुचवलं, स्लॅबखालचे प्रॉप, म्हणजे ओल्या काँक्रीटला दिलेले टेकू, स्लॅब भरल्यापासून दहाव्या दिवशी काढू, सेंट्रिंगचा माल वरच्या मजल्याला मिळेल. आमच्या स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरहून मोठा आहे. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा स्लॅबखाली प्रॉप 14 दिवस राहायला हवेत, आणि सहा मीटरवरच्या बीमखाली 21. त्या स्लॅबखालून माणसं दिवसभर ये-जा करतात. मी नाही म्हटलं. मग सेंट्रिंगचा आणखी एक सेट भाड्याने आणला तर किती खर्च येईल आणि किती दिवस वाचतील, याचा हिशोब मांडला. थोडी वादावादी झाली, पण सेट आला.

आई, तू म्हणतेस माझा आवाज दमलेला वाटतो. महिनाअखेरीच्या रिपोर्टमुळे जागरण होतं, एवढंच. उशीर होणार असेल तर तो तीन महिने आधी सांगणं हे माझंच काम आहे. बँकेचा हप्ता आणि घरभाडं दोन्ही भरत ताब्याची वाट बघणारी माणसं आहेत, त्यांना खरी तारीख कळायला हवी.

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा. पंधरा दिवस आधी सांगितलंत तर रजा नक्की मिळेल.

तुमची,
मनू