एकच बटण, त्याला संमती कशी म्हणायची?
पेमेंट अ‍ॅपच्या अटींवरचा तुमचा लेख वाचला, बराचसा पटला, पण ‘ग्राहकांनी अटी नीट वाचाव्यात’ हा सल्ला काही पटला नाही. वाचून करायचं काय? परवा नवीन अटी आल्या तेव्हा मी त्या शेवटपर्यंत वाचल्या, खाली बटण एकच, ‘मान्य आहे’, आणि ते दाबेपर्यंत वॉलेटमधले माझेच पैसे मला काढता येईनात. युरोपीय संघाने १९९३ सालीच निर्देश काढलाय की, ग्राहकाला ज्या अटीवर बोलायला वावच नव्हता आणि जिच्यामुळे पारडं फारच एकीकडे झुकतं, ती त्याच्यावर बंधनकारक नाही. अटी बदला, पण काय बदललं ते वरच चार ओळींत सांगा आणि ज्याला नको असेल त्याला आधी पैसे काढून घेऊ द्या.
- एक वाचक