माघारी वळण्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, अडकलेली माणसे दिसत असतानाही आम्ही हेलिकॉप्टर माघारी वळवले, हे ऐकून तुम्ही गप्प झालात. आणि आई, मी मुळात तिथवर गेले हेच तुला रुचले नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माणसाला दोरावरून खाली सोडताना हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवावे लागते आणि पुढे वेग नसल्याने तेव्हाच इंजिनाची ताकद सर्वांत जास्त लागते. दारात पालथा पडलेला सहकारी ‘डावीकडे एक मीटर, स्थिर’ असे सांगत राहतो. मला खालचे काहीच दिसत नाही, माझी नजर समोरच्या एका खडकावर खिळलेली असते. त्या संध्याकाळी तो खडकच ढगाआड गेला. बाहेरची खूण नाहीशी झाली की कानातील तोलाची जाणीव फसवते आणि हेलिकॉप्टर कलत असतानाही ते सरळ आहे असे वाटते. दोर अजून सोडलेला नव्हता. आमच्यात एकानेही नको म्हटले की वाद न घालता फिरायचे असते. त्या दिवशी मी म्हटले. ती माणसे रात्रभर तिथेच कुडकुडली, याचा सल मला आहे. पहाटे ढग सरताच आम्ही त्यांना आणले.

बाबा, त्या ढगात शिरूनही आम्ही सुखरूप परतलो असतो, तर तुम्ही मला शूर म्हटले असते, आणि ते मला पटले नसते. १९९६ च्या मे महिन्यात नेपाळी सैन्याचे वैमानिक मदन खत्री छेत्री यांनी एव्हरेस्टवर सुमारे ६,००० मीटर उंचीवरून दोन गिर्यारोहकांना सोडवले. तिथल्या विरळ हवेत यंत्राला किती वजन पेलेल हे ओळखून त्यांनी एका वेळी एकालाच नेले आणि दुसऱ्यासाठी ते पुन्हा वर गेले. मी शौर्य म्हणते ते याला.

धोका उरतोच, आई, हे तुझ्यापासून लपवणार नाही. २५ जून २०१३ रोजी उत्तराखंडमध्ये पूरग्रस्तांच्या मदतीला गेलेले हवाई दलाचे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले आणि त्यातील २० जण गेले. म्हणूनच वजन, इंधन, परतीची वाट आणि कुठून मागे फिरायचे, हे आम्ही उड्डाणापूर्वी जमिनीवरच ठरवतो. एकदा खालून हात हलताना दिसले की ते ठरवणे कुणालाच जमत नाही.

तुमची लेक