टाके नाहीत, पण हिरडी उरते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दातांच्या इम्प्लांटच्या जाहिरातींत आणि आरोग्य पुरवण्यांत ‘टाक्यांविना, लेझरने इम्प्लांट उघडतो’ असे वाक्य सर्रास दिसते. वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. कोणती पद्धत योग्य हे हत्यारावरून ठरत नाही. त्या जागी घट्ट हिरडी किती रुंद आहे यावरून ठरते, आणि नेमके तेवढेच छापायचे राहून जाते.

दोन टप्प्यांच्या पद्धतीत इम्प्लांट, म्हणजे दाताचे धातूचे कृत्रिम मूळ, हाडात बसवून त्याच्या तोंडावर कव्हर स्क्रू (झाकणाचा स्क्रू) लावतात आणि वरून हिरडी शिवतात. आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रेनमार्क यांच्या मूळ पद्धतीत हाड इम्प्लांटला धरेपर्यंत खालच्या जबड्यात ३ आणि वरच्या जबड्यात ६ महिने थांबत. आता बहुतेकदा त्याहून कमी काळ पुरतो. मग हिरडी उघडून (इम्प्लांट ‘उघडणे’ ते हेच) कव्हर स्क्रूच्या जागी हीलिंग अबटमेंट, म्हणजे हिरडीबाहेर डोकावणारा तात्पुरता खुंट, बसवायचा, म्हणजे त्याच्याभोवती हिरडी भरून पुढच्या कॅपसाठी वाट तयार होते.

हाडाला घट्ट चिकटलेली फिकट गुलाबी हिरडी वेगळी आणि गालाच्या आतली, ओढली की हलणारी लालसर त्वचा वेगळी. दोन्हींमधली रेघ नुसत्या नजरेला फसवते. गाल ताणून पाहावा, प्रोबच्या (मोजमापाच्या बारीक सळईच्या) कडेने त्वचा ढकलून पाहावी. तरीही शंका असेल तर आयोडीनचे द्रावण लावावे. सैल त्वचा तपकिरी होते, घट्ट हिरडी जवळपास रंग घेत नाही. मग मिलिमीटरमध्ये मोजावे. इम्प्लांटभोवती किमान २ मिमी घट्ट हिरडी असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्याहून कमी असेल तर इम्प्लांट पडतोच असे नाही, आणि याबद्दल तज्ज्ञांत मतभेदही आहेत. पण तिथे ब्रश लागला की दुखते, दुखले की माणूस ब्रश टाळतो, आणि पुढचे सगळे त्यातून सुरू होते.

आता पंच. नळीसारख्या गोल पात्याने हिरडीची चकती काढायची. रक्त कमी, सूज नगण्य, टाके नाहीत. पण ती चकती कायमची गेली. ४ मिमीचा पंच वापरून दोन्ही बाजूंना २-२ मिमी हिरडी उरवायची तर मुळात घट्ट हिरडीचा ८ मिमी रुंद पट्टा हवा. पट्टा ५ मिमीचा असेल तर गालाकडे आणि जिभेकडे जेमतेम अर्धा-अर्धा मिलिमीटर उरतो. त्याच ५ मिमीच्या मधोमध सरळ चीर दिली तर काहीच फेकले जात नाही. अडीच-अडीच मिमी दोन्हीकडे सरकते. हा हिशेब कागदावरही करता येतो, तरी तो न करता पंच उचलला जातो.

पंचाची दुसरी अडचण नेमाची. इम्प्लांटचे केंद्र एक मिलिमीटरने चुकले की एका बाजूची हवी असलेली हिरडी जाते, दुसऱ्या बाजूला स्क्रूची कड झाकलेली राहते आणि भोक वाढवावे लागते. शिवाय हाड दिसत नाही. कव्हर स्क्रूवर हाड चढले असेल, तर ते काढल्याशिवाय अबटमेंट पूर्ण बसत नाही. तेव्हा शेवटी फ्लॅप, म्हणजे चीर देऊन सुटा केलेला हिरडीचा पदर, उचलावाच लागतो.

खालच्या दाढांच्या जागी पट्टा अरुंद असतो तेव्हा साधी चीरही पुरत नाही. तिथे चीर जिभेच्या बाजूला घेऊन, हाडावरचे आवरण जागेवर ठेवून, अर्ध्या जाडीचा फ्लॅप उचलतात आणि गालाकडे खाली सरकवून त्या आवरणालाच टाके घालतात. पट्टा जवळपास नसेलच तर टाळूवरून १ ते १.५ मिमी जाडीची हिरडी आणून लावतात. ती आकसते, म्हणून तुकडा गरजेपेक्षा मोठा घ्यावा. बसवल्यावर ओल्या गॉजने काही मिनिटे दाबून धरावा. खाली रक्ताची गुठळी साचली किंवा गालाच्या ओढीने तुकडा हलत राहिला तर तो जगत नाही.

वरच्या समोरच्या दातांत प्रश्न रुंदीपेक्षा जाडीचा असतो. ओठाच्या बाजूला खोलगट दिसते. तिथे रोल पद्धत उत्तम. स्क्रूवरच्या हिरडीचा वरचा पातळ थर खरवडायचा, तीन बाजूंनी चीर देऊन उरलेला भाग ओठाच्या बाजूला दुमडून आत खोचायचा. पंचाने जे कचऱ्यात गेले असते त्यानेच उभार येतो. समोरच्या दातात पंच वापरणे आम्हाला तरी उधळपट्टी वाटते.

राहिला लेझर. त्याने गोल भोक पाडले तर तो पंचच. हिरडी तेवढीच जाते. ८१० ते ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचा डायोड लेझर रक्त छान थांबवतो, पण हाड कापत नाही आणि टोक तापते. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिले तरी इजा होते, हे एरिक्सन व अल्ब्रेक्ट्सन या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले. म्हणून टोक धातूला टेकवू नये आणि थांबत थांबत कापावे. २९४० नॅनोमीटरचा अर्बियम लेझर पाण्यात शोषला जातो, त्यामुळे उष्णता कमी. मात्र तो रक्त तितके थांबवत नाही. एनडी-याग हा लेझर इम्प्लांटजवळ नकोच, आणि मोनोपोलर कॉटरी (विजेने कापणारे हत्यार) तर अजिबात नको, कारण धातूला टोक लागले की करंट थेट हाडात उतरतो.

पद्धत कोणतीही असो, स्क्रू फिरवायच्या छोट्या ड्रायव्हरला दोरा बांधावा. हातून सुटला तर घशात जातो. अबटमेंट हिरडीच्या वर १ ते २ मिमी राहील इतका उंच निवडावा, बुटका असेल तर हिरडी वर चढते. हाताने घट्ट करून एक्स-रे काढावा. फट दिसली तर हाड किंवा हिरडी अडकली आहे असे समजून पुन्हा उघडावे, जोर लावू नये. टाके ७ ते १० दिवसांत काढतात. कॅपसाठीचे माप मागच्या दातांसाठी साधारण २ ते ४ आठवड्यांनी घेता येते. समोरच्या दातांसाठी ६ ते ८ आठवडे तरी थांबावे, कारण हिरडीची कड तोवर सरकत असते.

आपल्या पुरवणीत यापुढे अशी माहिती येईल तेव्हा ‘टाके नाहीत’च्या शेजारी ‘घट्ट हिरडी किती मिमी’ हा प्रश्नही छापावा, ही विनंती.

आपले,
हिरड्यांच्या शस्त्रक्रिया करणारे काही दंतवैद्य